अणदूरला पोचलेली बॅग

मिस्टर बिराजदारांचं तिसरं पत्र आलं त्या सकाळी फर्नांडिससाहेबांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली नाही, वरून सोडली.

“तू त्या बाजूचा ना?”

“कुठल्या बाजूचा, सर?”

“सोलापूरच्या पलीकडचा. उस्मानाबाद.”

मी म्हटलं, मी कळंबचा, आणि हे अणदूर म्हणजे तुळजापूर तालुका, नळदुर्गच्या पुढं. आमच्यापासून लांब पडतं. पण साहेबांच्या लेखी बोरीबंदर सोडलं की पुढं सगळा एकच जिल्हा होता. ते म्हणाले, बॅग घेऊन ये, नाहीतर क्लेमवर त्याची सही घेऊन ये. हात हलवत येऊ नको. मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. साहेबांनी तो शब्द उच्चारला नाही, नुसतं माझ्याकडं पाहिलं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडाच काळ झाला होता तेव्हाची ही गोष्ट. सांताक्रूझला एका विमान कंपनीत मी बॅगेज ट्रेसिंगला होतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आता ती आणि मी दोघंही कामावर नाही. ट्रेसिंग म्हणजे हरवलेल्या बॅगा शोधणं. प्रवाशाची बॅग विमानात चढते तेव्हा तिला एक टॅग बांधतात. टॅगचा अर्धा भाग बॅगेला, अर्धा प्रवाशाच्या तिकिटाला. दोन्हींवर एकच नंबर. बॅग आली नाही की आम्ही वाटेतल्या प्रत्येक विमानतळाला टेलिप्रिंटरवर निरोप धाडायचो, अमुक नंबरची बॅग तुमच्याकडं पडलीय का. त्याला ट्रेसर म्हणतात. बहुतेक बॅगा सापडतात. हरवतात त्या बॅगा नव्हेत, त्यांच्याकडं बघायची कुणाला तरी आठवण राहत नाही, एवढंच.

बिराजदारांची बॅग तर सापडून पोचतीही झालेली होती. निदान कागदावर.

मल्लिनाथ बिराजदार हे इथिओपियात गणिताचे मास्तर. त्या काळात आपल्याकडचे बरेच मास्तर तिकडं शिकवायला गेले होते. हे तीन वर्षांनी सुट्टीवर घरी निघाले. एडनला विमानाचं वजन जास्त भरलं म्हणून काही बॅगा खाली उतरवल्या. त्याला आम्ही ऑफलोड म्हणतो. म्हणजे माणूस पुढं, बॅग मागं, पुढच्या विमानानं येते. तशी ती आली. तोवर मास्तर अणदूरला पोचले होते. आम्ही बॅग रेल्वेनं सोलापूरच्या एजंटकडं पाठवली, एजंटनं ती उमरग्याला जाणाऱ्या एसटीच्या टपावर चढवली. त्यापुढं बॅगेचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मास्तरांचं पहिलं पत्र नम्र होतं. दुसरं ताठ होतं. तिसऱ्यात त्यांनी आमच्या कंपनीला वर्गात बाकावर उभं केलं होतं. बॅगेत त्यांच्या परीक्षांची सगळी मूळ सर्टिफिकेटं होती. अदिस अबाबाला परत गेल्यावर ती दाखवली तरच मोठ्या शाळेतली नवी नेमणूक मिळणार होती. नाही दाखवली तर होती ती नोकरीही संपत होती. आणि सुट्टीचे दिवस आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

सोलापूरला एजंट भेटले. त्यांना बॅग तोंडपाठ होती. तपकिरी, कोपरे झिजलेले, कुलूप तुटलेलं म्हणून वरून सुंभाची दोरी आवळलेली. “टपावर चढवताना मी स्वतः उभा होतो,” ते म्हणाले, आणि मला त्याच गाडीत, त्याच कंडक्टरच्या हवाली करून मोकळे झाले. मला दोरी बांधायची तेवढी बाकी ठेवली होती.

कंडक्टर निवांत माणूस. तिकिटं फाडून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. मी बॅगेचं विचारलं.

“दिली की,” तो म्हणाला.

“कुणाला दिली?”

“अणदूरला दिली.”

“अहो, पण अणदूरला कुणाच्या हातात?”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू विमानात काम करून या माणसाचं डोकं फिरलंय. गावात बॅग दिली म्हणजे दिली. बिराजदाराच्या मास्तरची बॅग दुसरा कोण ठेवून घेणार? हे बोलताना तो जरा हसला, आणि नळदुर्ग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

अणदूरच्या स्टँडवर उतरलो. श्रावणाची भुरभुर चालू होती. समोरच्या चहाच्या हाटेलात शिरलो तर मालक म्हणाला, “या, विमानवाले.” मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. हा काशिनाथ. त्यानं चहा दिला, पैसे घेतले नाहीत. मी कळंबचा म्हटल्यावर दुसरा कप दिला. पण बॅगेचा विषय काढला की त्याला लगेच दूध उतू गेल्याची आठवण व्हायची.

“गाडीवरनं बॅग उतरली होती का हो?”

“बॅगा लई उतरतात, साहेब.”

“तपकिरी. दोरी बांधलेली.”

“दोरी तर समद्याच बॅगांना असती.”

हाटेलात बसलेली दोन-तीन माणसं आपापल्या बशीत बघत होती. माझ्या मनात नको ते आलं. म्हटलं, सगळ्या गावानं मिळून हात मारलेला दिसतो. आता हे प्रकरण पोलिसात जाणार, आणि माझी नोकरी त्याच्या आधी जाणार. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

बिराजदारांचं घर गावातल्या खंडोबाच्या देवळाच्या मागल्या अंगाला. दारात मला एक म्हातारे शेतकरी दिसले. जुनं धोतर, कोपरी, खांद्यावर उपरणं. जवळ गेलो तर चष्मा, आणि चष्म्यामागं तिशीचा माणूस. हेच मल्लिनाथ मास्तर. यांचे सगळे कपडे बॅगेत. अंगावरच्या एका जोडीवर किती दिवस काढणार? म्हणून आईनं मयत वडिलांचे कपडे काढून दिले होते. मास्तर चार हाडांचे, वडील बहुधा चांगले धिप्पाड. कोपरीत अजून एक मास्तर मावला असता.

मला वाटलं होतं भांडतील. पण समोर माणूस आल्यावर पत्रातलं त्यांचं ताठ इंग्रजी खाली बसलं. म्हणाले, “तुम्ही एवढ्या लांबून आलात, बसा.” आणि हळू आवाजात सांगितलं की परवा त्यांना मुंबईला निघायचंय, बॅग नसेल तर तिकडं जाण्यात काही अर्थच उरत नाही. बोलताना ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. मला त्या माणसाची दया आली.

तेवढ्यात आतून त्यांची आई आली, नागव्वा. लहान चणीची, चटपटीत, कपाळावर विभूतीचे पट्टे. तिनं माझी कॅनव्हासची पिशवी खांद्यावरून काढून घेतली, खुंटीला अडकवली, पाय धुवायला पाणी दिलं, आणि मी कोण, कुणाचा, आई कुठली, लग्न झालं का, नसेल तर का नाही, हे सगळं पाय पुसून होईपर्यंत काढून घेतलं. आमच्या ट्रेसरला एवढी माहिती कधी मिळाली नाही. मग जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि वर आणखी दही. मी नको म्हटलं की ती ऐकायची नाही, आणि मास्तर नको म्हणाले की ती त्यांच्याकडं नुसती बघत राहायची. त्या जुन्या कोपरीकडं बघायची खरं तर.

जेवण झाल्यावर मी कामाला लागलो. तिला विचारलं, बॅगेबद्दल काही कानावर आलं का.

“आमच्या गावात कुणी कुणाची वस्तू चोरत न्हाय,” ती म्हणाली.

“चोरली असं मी म्हणत नाही, नागव्वा. चुकून कुणी ठेवली असेल.”

“चुकून बी ठेवली न्हाय.”

हे तिनं इतक्या ठामपणे सांगितलं की मी मास्तरांकडं वळलो. त्यांना म्हटलं, क्लेम भरू या. क्लेम म्हणजे बॅग हरवली असं कंपनीनं कबूल करायचं आणि वजनावर भरपाई द्यायची. मास्तर म्हणाले, सर्टिफिकेटाचं वजन किती भरतं हो? मी फॉर्म पुढं सरकवला. त्यांनी सही केली. दुपारची सोलापूरची गाडी धरायची म्हणून मी उठलो आणि पिशवी घ्यायला खुंटीकडं गेलो.

खुंटी रिकामी.

मी जमिनीवर पाहिलं, दाराआड पाहिलं. बॅगेज ट्रेसिंगचा माणूस स्वतःची पिशवी शोधत कुणाच्या तरी सोप्यात वाकलाय, हे फर्नांडिससाहेबांनी बघितलं असतं तर माझी नोकरी तिथंच संपली असती. मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी आत हाक दिली, “अव्वा, साहेबांची पिशवी कुठंय?”

“असंल की कुठंतरी,” आतून आवाज आला. “पाऊस लागलाय. आजचा दिस ऱ्हावा म्हनावं. उद्या सकाळची गाडी हाय.”

मला हसू आलं. हे तर मला पाठ होतं. कळंबला माझी मावशी हेच करायची. पाहुणा निघाला की त्याची पिशवी गायब. पाहुणा लटका रागावायचा, मावशी लटकी शोधायची, आणि तोवर गाडी निघून जायची. पाहुणा राहिला की पिशवी आपोआप खुंटीवर. आमच्याकडं याला कुणी लपवणं म्हणत नाही, आग्रह म्हणतात. ज्या घरात आपली पिशवी लपवत नाहीत तिथं परत जाऊ नये असं माणसं खुशाल म्हणायची.

हसता हसता मी थांबलो.

नागव्वा बाहेर आली. तिच्या कोपराला ज्वारीची भुकटी लागली होती. आत अंधाऱ्या खोलीच्या दारातून कणगी दिसत होती. कणगी म्हणजे धान्य साठवायची तुरीच्या काटक्यांची उंच टोपली, शेणामातीनं लिंपलेली. माझी मावशीसुद्धा तिच्यातच लपवायची. तिथं पाहुणा हात घालत नाही.

मी पुन्हा बसलो, पाय पसरले आणि म्हटलं, “राहतो की. पिशवीची काळजी नाही मला. ती वरच असंल. खाली जागा कुठाय? खाली आधीचं सामान आहे.”

मास्तरांना काही कळलं नाही. ते माझ्याकडं बघत होते. नागव्वानं मात्र पदरानं कोपर पुसलं आणि खाली बसली.

मग ती उठली, आत गेली. ज्वारी सरकल्याचा आवाज आला. आधी माझी पिशवी आली. मग मास्तर आत धावले आणि दोघांनी मिळून ती बॅग बाहेर ओढली. तपकिरी, झिजलेल्या कोपऱ्यांची, फटीफटीत ज्वारी भरलेली. मी तिकिटाचा अर्धा टॅग मागून नंबर ताडून पाहिला, सवयीनं. जुळला.

मास्तर तांबडे-लाल झाले. तीन पत्रं त्यांनी आम्हाला लिहिली होती. दुसऱ्या पत्रात आम्हाला बेजबाबदार म्हटलं होतं. तिसऱ्यात त्याहून वाईट. ते माझ्याकडं बघेनात आणि आईवर ओरडायलाही त्यांना जमेना.

“अव्वा, माझी नोकरी होती गं त्या बॅगेत.”

“मला काय म्हाईत? म्या उघडून बघितली न्हाय. दुसऱ्याची बॅग कशी उघडू?”

खरंच उघडलेली नव्हती. एजंटनं मारलेली गाठ तशीच होती. पुढं ती बोलली ते मी आजवर विसरलो नाही. म्हणाली, “माझा खंडोबा वर्षातलं काही महिनं नळदुर्गला जातो. पर असा उठून जात न्हाय. दोनी गावची मान्सं बसत्यात, करार हुतो, कधी न्यायचा, कधी परत आनायचा. तवा आमी देव देतो. तू येक वरसाचं बोलून गेलास आन तीन वरसानं आलास. बा गेला तवा बी न्हवतास. देव बी करार करून जातो रे. तू देवापेक्षा मोठा झालास व्हय?”

मास्तरांनी चष्मा काढला. वडील गेल्याची तार त्यांना तिकडं पोचली तेव्हा इथं सगळं उरकलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी छपराकडं बघत बसलो. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू. माझी आई कळंबला होती आणि मीही दिवाळीचं बोलून दोन दिवाळ्या गेलो नव्हतो.

थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, “बरं. करार कर.”

नागव्वानं तो शब्द खाली पडू दिला नाही. काशिनाथला बोलावणं गेलं. तो इतक्या लवकर आला की दाराबाहेरच उभा असणार. बॅग टपावरून यानंच उतरवून घरी आणून दिली होती, आणि नागव्वानं बोटानं गप्प बस म्हटल्यावर तो आणि सगळं गाव गप्प बसलं होतं. खोटं मात्र कुणी बोललं नव्हतं. बॅगा लई उतरतात, हे खरंच होतं.

देवळातला भंडारा आणला. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती हातात घेऊन बोललेलं मोडायचं नसतं. मास्तरांनी भंडारा उचलला आणि सांगितलं, एक श्रावण सोडून पुढच्या श्रावणात येईन. आमच्या कॉन्ट्रॅक्टपेक्षा चोख. मला वाटलं झालं. तर नागव्वा माझ्याकडं वळली.

“आन तुमी? नेनार तुमी, आननार तुमी. देव नेताना नळदुर्गवाल्यांना बी बोलावं लागतं.”

मी समजावलं की मी साधा क्लार्क आहे, कंपनीच्या वतीनं असा शब्द मला देता येत नाही, त्यासाठी वरच्यांची मंजुरी लागते. काशिनाथ म्हणाला, मल्हारी मार्तंडापेक्षा वरचा कोण हाय तुमच्या हापिसात? तेव्हा मीही हात पुढं केला. शब्द तिनंच घालून दिले. माणूस आणि सामान, दोन्ही ठरल्या श्रावणात घरपोच. असली गॅरंटी जगातल्या कुठल्याच विमान कंपनीनं आजवर दिली नसेल.

त्या दिवशी मी मुक्काम केला. सकाळी पिशवी खुंटीवर होती.

मुंबईला आल्यावर फाईल साहेबांपुढं ठेवली. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, बॅग डेस्टिनेशनला वेळेवर पोचली होती, प्रवाशाच्या घरी स्टोरेजमध्ये राहिल्यानं डिलिव्हरीला उशीर झाला. साहेबांनी पान उजेडात धरलं.

“हे पिवळं काय आहे?”

“टर्मरिक, सर.”

“बॅगेत टर्मरिक होती?”

“नाही सर. अ‍ॅग्रीमेंटमध्ये होती.”

फाईल बंद झाली आणि मी कायम झालो. त्या दिवाळीला मी कळंबला गेलो. आईनं माझी पिशवी कुठं ठेवली होती ते विचारू नका.

एक श्रावण गेला. पुढचा आला तशी मी रोज प्रवाशांच्या यादीत बिराजदार शोधू लागलो. आणि मास्तर आले. ठरल्याप्रमाणे आले, चांगल्या कोटात, मोठ्या शाळेचे मास्तर म्हणून. आम्ही गळ्यात गळा घातला. मग बॅगा उतरवतात तिथं जाऊन उभे राहिलो. सगळ्या बॅगा आल्या. मास्तरांची आली नाही. एडनला ऑफलोड.

मास्तर म्हणाले, जाऊ द्या हो, मागून येईल. त्यांना गंमत वाटत होती. मला नव्हती वाटत. भंडारा मी उचलला होता, माणूस आणि सामान दोन्ही. मास्तरांना पुढं पाठवलं. बॅग आल्यावर एजंट नाही, कंडक्टर नाही, रजा टाकून मी स्वतः ती मांडीवर घेऊन अणदूरला गेलो. नागव्वानं बॅग हातात घेतली, दोरी तपासली आणि मास्तरांपुढं ठेवली. म्हणाली, “झालं. करार पुरा झाला.” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

या खेपेला मी शहाणपण केलं होतं. स्वतःचं काहीच सामान आणलं नव्हतं. पिशवी नाही, फाईल नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं पक्कं होतं. जेवलो, निरोप घेतला, दाराशी आलो.

दाराशी चपला नव्हत्या.

नोकरीत मी हरवलेल्या बॅगा पुष्कळ शोधल्या, आणि नव्या पोरांना शिकवताना एवढंच सांगायचो, दुसऱ्याचं सामान शोधायला जाताना आपलं ऑफिसात ठेवून जावं. चपलांचं काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही.